पूर्वजांची इस्टेट, पूर्वजांचे देणे

२०२३ सालच्या २५ ऑगस्टला दक्षिण अमेरिकेतील गयाना या देशात, गयाना विद्यापीठातील एका समारंभात चार्ल्स ग्लॅडस्टन या ब्रिटिश गृहस्थांनी आपल्या कुटुंबीयांच्या साक्षीने एक माफीनामा वाचून दाखवला. गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता, आपले पूर्वज सर जॉन ग्लॅडस्टन त्या गुन्ह्यात सामील होते आणि त्याची झळ आजही लोकांना बसते आहे, असे त्यांनी कबूल केले. हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याच्या प्रथेत जॉन यांचा जो हात होता, त्याबद्दलही त्यांनी क्षमा मागितली आणि विद्यापीठातील संशोधनासाठी १ लाख पौंडांचा निधी जाहीर केला. ऐकायला आलेल्यांत निषेधाचे फलक धरलेले लोकही होते. आदल्याच दिवशी गयानाचे अध्यक्ष इरफान अली यांनी, गुलामांच्या व्यापारातून ज्यांनी फायदा लाटला त्यांच्या वारसांनी भरपाई द्यावी, अशी जाहीर मागणी केली होती.

अशा माफीनाम्यांवरची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी अडते. दोन शतकांपूर्वीच्या माणसाच्या पापाचे खापर त्याच्या आजच्या वंशजाच्या डोक्यावर का फोडायचे? एका बाजूचे लोक म्हणतात की रक्तातून दोष येत नाही. दुसऱ्या बाजूचे लोक इतिहासाचे भान, संवेदना असे मोघम शब्द वापरून वेळ मारून नेतात. माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी उभा केलेला आहे. पाप वारशाने येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु इस्टेट वारशाने येते, नाव वारशाने येते, ओळखीपाळखी आणि शिक्षणाची संधी वारशाने येते. आणि जिथे इस्टेट वारशाने येते, तिथे तिच्यावरचे देणे मात्र मूळ मालकाच्या चितेबरोबर जळून गेले असे म्हणता येत नाही. हा भावनेचा कमी आणि जमाखर्चाचा अधिक प्रश्न आहे. म्हणूनच तो जमाखर्चाच्या वहीतून पाहिलेला बरा.

जॉन ग्लॅडस्टन यांचा जन्म १७६४ साली स्कॉटलंडमधील लीथ या बंदरगावी, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. लिव्हरपूलला येऊन त्यांनी व्यापार वाढवला आणि पुढे डेमेरारा, म्हणजे आजच्या गयानाचा एक भाग, आणि जमैका येथे उसाचे मळे घेतले. डेमेरारात त्यांनी स्वतः कधी पाऊलही ठेवले नाही. मुखत्यारांच्या पत्रांतून येणारे साखरेचे आकडे त्यांना पुरेसे होते. त्यांचे चिरंजीव विल्यम पुढे चार वेळा इंग्लंडचे पंतप्रधान झाले. लॉर्ड रिपन यांना व्हाइसरॉय म्हणून पाठवणारे उदारमतवादी पुढारी म्हणून आपल्याकडच्या नेमस्तांना त्यांचे नाव आदराचे वाटे. त्याच विल्यम यांनी संसदेत १८३३ साली केलेले पहिले महत्त्वाचे भाषण वडिलांच्या व्रीड-एन-हूप या मळ्याच्या कारभाराच्या बचावासाठी होते, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

जॉन यांच्या डेमेरारातील एका मळ्याचे नाव 'सक्सेस' असे होते. १८ ऑगस्ट १८२३ रोजी सुरू झालेल्या उठावाचे केंद्र तेथेच होते. राजाने आपल्याला सवलती, किंबहुना मुक्ततासुद्धा, मंजूर केली असून मळेवाले ती दडवून ठेवत आहेत, अशी बातमी गुलामांत पसरली होती. दहा हजारांहून अधिक गुलाम त्या उठावात उतरले. मारले गेलेले गोरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मारले गेलेले गुलाम शेकड्यांनी होते. उठावाचा एक म्होरक्या 'सक्सेस'वरचा तरुण गुलाम होता आणि त्याचे नाव जॅक ग्लॅडस्टन असे होते. मालकाचे आडनाव गुलामाला चिकटवण्याची तेव्हाची रीतच होती. त्याचा बाप क्वामिना हा मळ्यावरचा मुख्य सुतार आणि स्थानिक चर्चमधला सेवेकरी. त्याने लोकांना रक्तपात करू नका असे सांगून पाहिले होते. सप्टेंबरमध्ये त्याला शोधून ठार मारण्यात आले आणि त्याचे प्रेत साखळदंडांत बांधून 'सक्सेस'समोरच्या रस्त्याकडेला टांगून ठेवण्यात आले. जॅकची फाशी टळली. त्याला सेंट ल्युसिया बेटावर हद्दपार केले गेले. तेव्हा 'ग्लॅडस्टन घराण्याचे वारस' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या आडनावाच्या दोन वंशरेषा संभवतात हे लक्षात ठेवले पाहिजे. एका रेषेची वंशावळ चरित्रांत आणि उमरावांच्या याद्यांत सापडते. दुसरीची कोणी लिहून ठेवली नाही.

आता वहीकडे येऊ. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १८३४ पासून अंमलात आला. त्यात नुकसानभरपाईची तरतूद होती, आणि ती पूर्णपणे मालकांसाठी होती. त्यासाठी २ कोटी पौंड बाजूला काढण्यात आले. ही रक्कम सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के भरते. दाव्यांची छाननी करण्यासाठी आयुक्त नेमले गेले आणि माणसांची प्रतवारी ठरली. शेतावर राबणारे, कारागीर, घरकामाचे, म्हातारे आणि निकामी, आणि शेवटी सहा वर्षांखालील मुले, असे वर्ग होते आणि प्रत्येक वसाहतीत प्रत्येक वर्गाचा दर वेगळा होता. या शेवटच्या वर्गाकडे जरा थांबून पाहावे. सहा वर्षांखालील मूल कायद्याने लगेच मोकळे होणार होते. म्हणून मालकाचे त्याच्यापासून भविष्यात होणारे उत्पन्न बुडाले असे धरून त्या मुलाचेही पैसे मालकाला मिळाले. त्याच्या आईला काही मिळाले नाही, आणि वर तिला 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली त्याच मालकाकडे आणखी काही वर्षे बिनमजुरीने राबावे लागले. जॉन ग्लॅडस्टन यांना २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले. माणशी सरासरी साडेबेचाळीस पौंड पडले. ही माहिती आज कोणालाही पाहता येते, कारण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी हे सर्व दावे खुल्या संचयात आणून ठेवले आहेत.

या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे रोखे ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडले. म्हणजे त्या सालापर्यंत ब्रिटनमध्ये कर भरणारा प्रत्येक जण, त्यात जमैकाहून आलेल्या गुलामांचे वंशज आले आणि तेथील सरकारी इस्पितळांत नोकरी करणारे पुण्या-मुंबईचे डॉक्टरही आले, मालकांना दिलेल्या पैशाची परतफेड करत होता. 'फार जुनी गोष्ट आहे, आता कशाला उकरून काढायची' असे म्हणणाऱ्यांनी हे साल एकदा वाचावे. देणे एवढे जुने असेल तर ते एवढ्या उशिरापर्यंत फिटत कसे राहिले?

जॉन ग्लॅडस्टन यांचा हिंदुस्थानशी संबंध याच्या पुढच्या पानावर येतो. गुलाम सुटणार हे दिसू लागताच त्यांनी जानेवारी १८३६ मध्ये कलकत्त्यातील गिलँडर्स, आर्बथनॉट या व्यापारी पेढीला पत्र लिहून मजुरांची चौकशी केली. मॉरिशसला असे मजूर गेल्याचे त्यांच्या कानावर आले होते. हे तेच मॉरिशस, जेथे पुढच्या काळात मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसे गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेली आणि जेथे त्यांच्या नातवंडा-पतवंडांची वस्ती आजही आहे. पेढीचे उत्तर वाचताना आजही मान खाली जाते. आपण पाठवू शकतो ते डोंगरी 'धांगर' लोक माणसापेक्षा माकडाच्या अधिक जवळचे मानले जातात, त्यांना धर्म नाही, शिक्षण नाही, खाणे-पिणे-झोपणे यापलीकडे गरजा नाहीत, अशी त्यांची शिफारस करण्यात आली होती. (हे धांगर म्हणजे आपले मेंढपाळ धनगर नव्हेत, छोटा नागपूरच्या उरांव, मुंडा आदी आदिवासींना कलकत्त्याचे व्यापारी सरसकट त्या नावाने ओळखत.) १८३८ च्या जानेवारीत 'व्हिट्बी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजे निघाली आणि ५ मे रोजी गयानाला पोहोचली. काही मजूर थेट व्रीड-एन-हूपवर नेण्यात आले. वर्षभरातच तेथे गुलामगिरीविरोधी संस्थेतर्फे चौकशीला गेलेल्या जॉन स्कोबल यांच्यापुढे त्या मळ्यावरील एका स्त्रीने साक्ष दिली, की पळून गेलेल्या मजुरांना दवाखान्याच्या खोलीत कोंडून दुसऱ्या दिवशी चाबकाने फोडले आणि त्यांच्या पाठीवर मिठाचे पाणी चोळले. आज गयानाच्या लोकसंख्येत सुमारे चाळीस टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत आणि ५ मे हा तेथे भारतीयांच्या आगमनाचा दिवस म्हणून पाळला जातो. चार्ल्स ग्लॅडस्टन यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टींची माफी मागितली ती याचमुळे.

ही वही डोळ्यांसमोर ठेवली की वारसाचा प्रश्न आपल्या ओळखीचा वाटू लागतो, कारण आपल्या कायद्याने त्यावर शतकानुशतके डोके खपवले आहे. धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य होते आणि ते नातू-पणतूपर्यंत पोहोचत असे. मुंबई इलाख्यात तर जुन्या समजुतीप्रमाणे, बापाने एक पैही ठेवली नाही तरी मुलाच्या अंगावर देणे येई. १८६६ च्या मुंबईच्या कायद्याने हे बंद केले आणि मुलाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच ठरवली. पुढे २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून वसुली करण्याची वाटही बंद झाली. मला यातला १८६६ चा टप्पा फार शहाणपणाचा वाटतो. तू अमक्याचा मुलगा आहेस म्हणून दोषी आहेस, असे तो कायदा म्हणत नाही. तुझ्या हाती त्याचे जेवढे आले, तेवढ्याला तू बांधील आहेस, एवढेच तो म्हणतो. वंशजाला गुन्हेगार न ठरवता त्याच्याकडे हिशेब मागता येतो, तो असा.

यावर जाणकार वाचक दोन हरकती घेतील आणि त्या वाजवी आहेत. पहिली अशी, की त्याच धर्मशास्त्राने 'अव्यावहारिक' ऋणातून, म्हणजे जुगार, दारू अशा बदफैली कारणांसाठी बापाने काढलेल्या कर्जातून, मुलाला मोकळे केले होते. मग गुलामांच्या पापी व्यापारातील देणे मुलावर कसे येईल? परंतु ती सूट सावकाराविरुद्ध होती. व्यसनासाठी जाणूनबुजून पैसे पुरवणाऱ्याने पोराबाळांच्या घरावर टाच आणू नये, हा तिचा हेतू होता. क्वामिना हा जॉन ग्लॅडस्टन यांचा सावकार नव्हता. त्याने काही उसने दिले नव्हते; त्याचे श्रम, त्याचे शरीर आणि त्याचा मुलगा, सगळे हिसकावून घेतलेले होते. हिसकावलेल्या वस्तूला कर्जाचा नियम लागत नाही. चोरीचा माल तिसऱ्या हाती सापडला तरी तो मूळ मालकाचाच राहतो, आणि तिसऱ्याने तो निर्मळ मनाने घेतला असेल तर त्याला आपण चोर म्हणत नाही, माल मात्र परत मागतो.

दुसरी हरकत मुदतीची. धर्मशास्त्र पणतूपाशी थांबते, आजचा कायदा काही वर्षांतच थांबतो. इथे तर दोन शतके उलटली. हे खरे, पण मुदत ज्याला दावा लावता येतो त्याच्याविरुद्ध धावते. आपल्याकडेही अज्ञान मुलाविरुद्ध तो सज्ञान होईपर्यंत मुदत चालू होत नाही. 'सक्सेस'वरच्या माणसाला मालकावर दावा लावण्याची पात्रताच नव्हती, कारण कायद्याच्या नजरेत तो स्वतःच मालमत्तेचा एक नग होता. मुक्तीनंतर तो नागरिक झाला तो वसाहतीचा, जेथे कायदेमंडळ मळेवाल्यांच्या मुठीत होते. त्याच्या वंशजांना स्वतःचे सरकार मिळाले ते १९६६ साली, गयाना स्वतंत्र झाल्यावर. तेथून मोजले तर प्रकरण इतके जुने राहत नाही.

'त्या काळी हे कायदेशीर होते, सगळ्यांनाच ते योग्य वाटत होते' ही हरकत मात्र मला ऐकवत नाही. सगळ्यांना म्हणजे कोणाला? १८२३ साली दहा हजार माणसे जीव धोक्यात घालून उठली, ती त्या काळच्या 'सगळ्यां'त मोजायची नाहीत काय? त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या जॉन स्मिथ या गोऱ्या धर्मोपदेशकाला डेमेरारात मृत्यूची शिक्षा झाली आणि तो तुरुंगातच मेला, तेव्हा इंग्लंडभर खळबळ माजली होती. जॉन ग्लॅडस्टन यांना लिव्हरपूलच्या वर्तमानपत्रांतून मळेवाल्यांची बाजू लढवावी लागली, कारण दुसरी बाजू तेव्हाच आणि तिथेच मांडली जात होती.

आता खुद्द माफीविषयी. गयानाला सहकुटुंब जाऊन, फलक घेतलेल्या लोकांसमोर उभे राहून मजकूर वाचणे हे घरबसल्या पत्रक काढण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते त्यांनी केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्रेव्हेलियन घराण्याच्या वंशजांनी ग्रेनाडाला जाऊन असेच केले होते. त्यांच्या पूर्वजांकडे तेथे हजारावर गुलाम होते. (पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले चार्ल्स ट्रेव्हेलियन याच घराण्यातले. त्यांचे मेहुणे मेकॉले, आणि मेकॉले यांचे वडील गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतील बिनीचे कार्यकर्ते. एकाच पंगतीला दोन्ही खाती बसत होती.) परंतु रकमेचा विचार केला की मन खट्टू होते. १८३० च्या दशकातले १,०६,७६९ पौंड आणि २०२३ मधले १,००,००० पौंड हे आकडे शेजारी ठेवले तर जवळपास सारखे दिसतात. मधल्या काळात पौंडाची किंमत किती घसरली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते सारखे दिसणार नाहीत. मुद्दल नाही, व्याज नाही, केवळ आकड्याशी आकडा. घराण्याकडे आज काय उरले आहे, याचा हिशेब त्यांनी स्वतःहून मांडला असता आणि त्यातून रक्कम ठरवली असती, तर कमी रकमेलाही अधिक वजन आले असते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. कुटुंबे पुढे येतात तेव्हा सरकारला मागे सरकायला जागा मिळते. कॅरिबियन राष्ट्रांच्या संघटनेने २०१४ साली दहा कलमी मागणी मांडली ती युरोपातील सरकारांपुढे होती, आणि तिच्या सुरुवातीलाच पूर्ण व औपचारिक माफी होती. एप्रिल २०२३ मध्ये संसदेत हा प्रश्न थेट विचारला गेला तेव्हा पंतप्रधान ऋषी सुनक यांनी 'नाही' म्हणून सांगितले. इतिहास उसवत बसणे हा पुढे जाण्याचा मार्ग नव्हे, असा त्यांचा सूर होता. भारतीय वंशाच्या आणि पूर्व आफ्रिकेमार्गे इंग्लंडला पोहोचलेल्या कुटुंबातील माणसाने हे म्हणावे, याचे मला नवल वाटले नाही, पण वाईट वाटले. २ कोटी पौंड कोणा कुटुंबाने वाटले नव्हते, राज्याने वाटले होते. ग्लॅडस्टन यांची माफी राज्याच्या माफीऐवजी चालणार नाही; ती राज्याला अडचणीत आणणारी साक्ष म्हणून वापरली गेली, तरच तिचा उपयोग आहे.

आणि आपण? १८३३ च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. आपल्याकडे १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचे हक्क मानणे थांबवले आणि १८६० च्या दंडसंहितेने तो गुन्हा ठरला. तोवर काय होते, ते पेशवाईच्या कागदांत आहे. कुणबिणींची, म्हणजे घरी बाळगलेल्या गुलाम स्त्रियांची, खरेदी-विक्री, त्यांची बक्षिसे, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारने बटीक करून कोठीवर धाडलेल्या स्त्रिया, सगळ्याच्या नोंदी आहेत. अटलांटिकवरचा व्यापार आणि ही घरगुती बटकीची प्रथा एकाच मापाच्या होत्या, असे मी म्हणत नाही. पण माणसाची किंमत ठरवून ती वहीत लिहिण्याची कृती दोन्हीकडे एकच आहे. 'सत्तेची बटीक' असे आपण आजही सहज म्हणतो. शब्द भाषेने जपला आणि घराण्यांनी विसरून टाकला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांनी दूरच्या हिशेबावरून घरचा हिशेब काढून दाखवला होता. अर्पणपत्रिका आपण कौतुकाने उद्धृत करतो, हिशेब मात्र तसाच राहतो.

आपल्याकडे कुलवृत्तान्त छापण्याची हौस मोठी आहे. वर्गणी गोळा होते, संपादक मंडळ नेमले जाते, माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे, उतरवले जातात आणि मग सनदा, इनामे, वतने, देवस्थानांना दिलेली दाने अशी प्रकरणे पडतात. त्या रुमालांत धान्य, भांडी आणि गुरे यांच्या यादीखाली एखाद्या कुणबिणीचे नाव आणि तिच्यापुढे रुपयांचा आकडा निघाला, तर तो कागद कोणत्या प्रकरणात घालायचा हे संपादक मंडळाला ठरवावे लागेल. बहुधा त्यासाठी वेगळे प्रकरण काढावे लागेल, आणि ते वर्गणीदारांना छापून द्यावे लागेल.